पुसलेला धूर

हिवाळ्यात तुम्ही दोघांनी फोनवर विचारलंत, "आजोबा, नवीन विमान पाठवू?" आजोबा म्हणाले, "नको रे, डोळे साथ देत नाहीत आता." त्याआधी तुमच्याकडे यायचंही त्यांनी असंच टाळलं होतं, तेव्हा गुडघे पुढे केले होते. मोतीबिंदू काढल्यापासून त्यांचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत, आणि आमच्या घरात गुडघे दुखतात ते माझे. तुम्हाला दोन्ही कारणं खरी वाटली. दोन्ही वेळा मी त्यांच्या शेजारीच बसले होते आणि गप्प होते.

म्हणून हे लिहिते आहे. क्रमानं सांगते, कारण क्रम सोडला तर मी मला सोयीचं तेवढंच सांगेन.

प्लास्टिकची विमानं जोडायचा हा छंद आजोबांना तुमच्यामुळेच लागला. एका उन्हाळ्यात तुम्ही आलात आणि विमानाचा एक डबा अर्धवट सोडून गेलात. मी तो माळ्यावर टाकणार होते. आजोबा म्हणाले, "ठेव, पाहतो." जन्मभर रेल्वेच्या कारखान्यात वॅगन दुरुस्त केलेला माणूस. त्या डब्यात करड्या प्लास्टिकच्या चौकटी होत्या आणि डहाळीला चिंचा लागाव्यात तसे विमानाचे भाग त्यांना लागलेले होते. त्यांनी ते माझ्या नेलकटरनं तोडायला सुरुवात केली. पुढे त्यांची स्वतःची हत्यारं आली: बारीक पक्कड, चिमटे, पॉलिश पेपरचे तुकडे, रंगाच्या इवल्याशा बाटल्या. मागच्या खोलीतलं खिडकीजवळचं टेबल त्यांचं झालं.

मी सूचनांचा कागद वाचून दाखवायची. इंग्रजी माझी, हात त्यांचा. खरं तर ड्रॉइंग पाहून काम करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं, त्यांना माझी गरज नव्हती. पण मी वाचत असताना ते मान डोलवत ऐकायचे आणि मग हवं तेच करायचे.

पहिल्याच विमानाच्या वेळी मी टेबल आवरताना मोहरीएवढं एक चाक केरात टाकलं. आजोबांनी अख्खी सकाळ वर्तमानपत्रावर कचरा पसरून ते शोधलं. सापडल्यावर रागावले नाहीत. म्हणाले, "आजपासून टेबल माझं, बाकी घर तुझं. मंजूर?"

"मंजूर. पण टेबलाखालची फरशी कोणाची?"

"फरशी तुझीच. मले खाली वाकता कुठं येते?"

हा करार मी वर्षानुवर्षं पाळला. शिस्तीच्या बाबतीत माझं नाव आहे, हे तुमच्या बाबांना विचारा. आणि आजोबांचा माझ्या शब्दावर भरवसा होता. पुढे जे झालं ते या भरवशामुळेच झालं.

मागच्या वर्षी तुम्ही डाकोटा पाठवलंत. दोन पंख्यांचं जुनं विमान, नाक वर आणि शेपटी जमिनीला टेकलेली. डबा उघडला त्या दिवशी आजोबा जेवले नाहीत धड. लहानपणी त्यांचे वडील त्यांना सायकलवर पुढच्या दांडीला बसवून इथल्या, रायपूरच्या माना विमानतळावर घेऊन गेले होते, तिथे त्यांनी हेच विमान उतरताना पाहिलं होतं. ही गोष्ट त्यांनी मला सांगितली तेव्हा मी वटाणे सोलत होते. इंजिनाच्या मागे पंखावर धुराचा लांब काळा पट्टा होता, पोटाखाली लाल मुरूम उडालेला होता, आणि त्यांना वाटलं होतं की हे विमान लांबून कुठून तरी काम करून आलं आहे, आपले बाबा कारखान्यातून येतात तसं. मी "हं" म्हटलं. आता मला त्यातला शब्द न् शब्द आठवतो. तेव्हा मी किडके वटाणे वेगळे करत होते.

डाकोटा त्यांनी फार सावकाश केलं. सांध्यांना पुट्टी भरली, घासली, पुन्हा भरली. चंदेरी रंग पातळ थरांनी दिला. शेवटी पाण्यात भिजवून चिकटवायच्या पातळ खुणा आणि आकडे आले; तेवढा वेळ त्यांनी श्वास रोखून धरल्यासारखं केलं. रंग वाळेपर्यंत धूळ बसू नये म्हणून विमानावर केकचा पारदर्शक खोका पालथा घातलेला असायचा. खुणा लागल्या आणि खोका निघाला. मला वाटलं, झालं विमान. आणि झालेलं विमान हे माझ्या लेखी टेबलावरचं काम उरत नाही. ती घरातली वस्तू होते. घर माझं.

आता रायपूरची धूळ तुम्हाला माहीत आहे. तुम्ही लहान असताना गच्चीवर अनवाणी खेळायचात आणि तळपाय तव्यासारखे काळे करून पांढऱ्या चादरीवर चढायचात. आजूबाजूच्या कारखान्यांची ती काळी भुकटी रात्रभर उतरत असते. इथली बाई कपडे वाळत घालण्याआधी दोरी पुसते. सकाळी उठून खिडकीच्या कठड्यावरून बोट फिरवायचं, बोट पाहायचं आणि फडकं घ्यायचं, याला आम्ही काम समजतच नाही, तोंड धुण्यासारखंच ते. तर एका सकाळी आजोबा फिरायला गेले असताना मी कठडा पुसला आणि शेजारच्या टेबलावर डाकोटाच्या पंखावर काळं दिसलं. ओलसर मलमलीच्या कपड्यानं हळूच पुसलं. छान चकाकलं. पोटाखाली तांबडी माती होती, तीही टिपून घेतली. मला तेव्हा मनातून बरं वाटलं होतं. त्यांच्यासाठी काहीतरी केल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा काळं. मी पुन्हा पुसलं. खिडकी नीट लागत नाही म्हणून तिच्या फटीत कागदाची पट्टी खोचली. टेबलाखाली एक स्टीलची वाटी सापडली, आतून काळीकुट्ट. यांनी कशावर तरी जाळलेली दिसते, असं पुटपुटत मी ती राखेनं घासली आणि रॅकवर पालथी घातली.

तो काळा पट्टा आजोबांनी लावलेला होता. विमान एकदा रंगवून झालं की ते वापरलेलं दिसावं म्हणून त्याला धूर, तेल, माती लावायची. या छंदात यालाच खरी कारागिरी मानतात. तुपाच्या दिव्यावर वाटी धरून त्यांनी काजळी धरली होती, तुमच्या बाबांच्या डोळ्यांसाठी मी धरायची तशीच. नव्या रायपूरच्या बाजूला फिरायला गेले तेव्हा रुमालात मुरूम बांधून आणला होता आणि वस्त्रगाळ केला होता. सगळं मनासारखं जमेपर्यंत त्यावर वॉर्निश द्यायचं नव्हतं. मला पूर्ण झालेलंच दाखवायचं होतं, म्हणून ते दार लोटून करत होते.

आता त्यांच्या बाजूनं पाहा. दुपारी एक माणूस मन लावून धूर काढतो. दुसऱ्या दिवशी येऊन बघतो तर पंख कोरा. पोटाखालची माती नाही. वाटी शोधतो, वाटी स्वयंपाकघरात रॅकवर, चकचकीत, जणू कधी वापरलीच नाही. टेबलाला बायको हात लावत नाही, तसा करार आहे. मग उरतं काय?

"तुम्ही सरळ मला का विचारलं नाही?" असं मी नंतर त्यांना म्हटलं. त्याचं कारण त्यांचे मोठे भाऊ. तुम्ही त्यांना पाहिलं नाही. शेवटच्या काळात त्यांचं सगळं विसरायला झालं होतं, आणि ते दिवसभर घरातल्यांना धारेवर धरायचे: "माझा चष्मा कोणी उचलला? माझी चप्पल कोणी लपवली?" चष्मा डोळ्यांवरच असायचा. आजोबा तेव्हा मला म्हणाले होते, "माझ्यावर ही वेळ आली तर मी कोणावर आळ घेणार नाही. गप बसीन." त्यांनी तो शब्द पाळला. आमच्या घरात शब्द पाळणारं खरं कोण, ते यावरून ठरवा.

मला बदल दिसत होते, पण मी त्यांचा अर्थ लावला नाही. ते टेबलाशी नुसते उभे राहायचे. एकदा पंखावरून बोट फिरवून बोट बघत होते. मला म्हणाले, "काल दुपारी मी इथंच बसलो होतो ना?"

"बसला होतात की. चहाही इथेच दिला."

"काय करून राहिलो होतो?"

"मले काय माहीत? दार तुमचं लोटलेलं."

"हव," म्हणत मान डोलावली. बस, तेवढंच.

मग स्कूटरची चावी माझ्या हातात ठेवली. म्हटलं, "मले काय करायची? मी काय सदर बाजारात स्कूटर फिरवू?" म्हणाले, "ठेवून दे. तू दिली तरच चालवीन." मला ते लाडानं बोलणं वाटलं. मग बदाम आले. रोज रात्री भिजवायचे, सकाळी सोलून द्यायचे. आणि दाढी करताना आरशासमोर ते स्टेशनं म्हणू लागले. दुर्ग, राजनांदगाव, डोंगरगड, गोंदिया, तिरोडा, तुमसर, भंडारा, कामठी, नागपूर. मी दाराशी थांबून म्हटलं, "कुठं निघाली गाडी? आम्हाले नेता का?"

"गाडी नाही. पाहून राहिलो, एखादं स्टेशन गळते का."

मी हसले. ते हसणं मला आता कानात ऐकू येतं.

विमानं पाठवू नका आणि यंदा येणं जमणार नाही, हे त्यांनी तुम्हाला त्याच दिवसांत सांगितलं. परक्या विमानतळावर आपण हरवलो तर, ही त्यांची भीती होती. हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं, तुम्हाला कसं सांगतील?

मग ती दुपार आली. मला वाटलं ते झोपलेत. खिडकीचा कठडा राहिला होता म्हणून मी ओलं फडकं घेऊन मागच्या खोलीत गेले, तर ते टेबलाशी वाकलेले. वाटीतली काजळी बारीक कुंचल्यावर घेऊन ते इंजिनाच्या मागे टेकवत होते, मग कोरड्या कुंचल्यानं मागे मागे ओढत होते. पट्टा पुढे गडद आणि मागे विरत गेलेला, अगदी धूर.

मी म्हटलं, "हे काय? घाण काहून लावून राहिले?"

"घाण नाही, इंजिनाचा धूर आहे." त्यांनी मान वर केली नाही. "तुले सांगणार नव्हतो. मले वाटते मी हा काल लावला. परवाही लावला. सकाळी येऊन पाहतो तर पंख कोरा. म्हणजे मी लावतच नाही, नुसतं लावल्यासारखं वाटते. दादाचं असंच सुरू झालं होतं."

फडकं माझ्या हातात होतं. मी ते पदराखाली धरलं आणि विचारलं, "चहा टाकू?"

हेच ते. पुसलं ते अजाणता पुसलं. त्यासाठी मी स्वतःला माफ केलं असतं. पण फडकं लपवलं ते जाणूनबुजून. तेव्हाच्या तेव्हा दाखवलं असतं तर त्या माणसाची भीती जागच्या जागी संपली असती. मी स्वयंपाकघरात जाऊन आधण ठेवलं आणि मनाला समजावलं की आता पुसायचं बंद केलं की झालं, धूर राहील, ते आपोआप सावरतील. करार मोडला असं त्यांच्या तोंडावर कबूल करणं मला जमेना. चुका काढायची सवय मला आहे, सांगायची नाही.

आणि धूर राहिला. दुसऱ्या सकाळी त्यांनी मला हाक मारून विचारलं, "हे काळं तुलेही दिसते ना?" मी हो म्हटलं. त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. म्हणाले, "बदाम लागू पडले वाटते."

मी त्या रात्री बदाम भिजत घातले. त्यानंतरही घालत राहिले. मला ठाऊक होतं की त्या बदामांना काही काम नाही, तरी सकाळी सोलून, बशीत मांडून नेऊन द्यायची आणि ते औषधासारखे चावून चावून खायचे. स्टेशनं म्हणणं थांबलं नाही. चावी माझ्याकडेच होती. धूर राहिला म्हणून त्यांची भीती गेली, असं काही झालं नाही. पुन्हा कधी तरी पंख कोरा दिसेल म्हणून ते सकाळी उठून आधी मागच्या खोलीत जायचे, मग तोंड धुवायचे. आणि मी ते अंथरुणातून ऐकायची.

शेवटी समता कॉलनीतल्या डॉक्टरांकडे जायचं त्यांनीच ठरवलं. मला म्हणाले, "तू चल. मी काय सांगतो ते ऐक, काही चुकलं तर तू सांग."

डॉक्टर तरुण होते, बोलायला गोड. त्यांनी कागदावर घड्याळ काढायला लावलं. आजोबांनी सेकंदकाट्यासकट काढलं. "अंकल, सौ में से सात घटाते जाइए." आजोबा इतके भराभर खाली उतरले की डॉक्टरांनाच बोटांवर मोजावं लागलं. आज वार कोणता, आपण कुठल्या मजल्यावर आहोत, सगळं झालं.

"सब तो ठीक है अंकल. फिर भूलते क्या हैं?"

"हवाई जहाज़ का धुआँ," आजोबा म्हणाले, आणि त्यांनी सगळं सांगितलं. लाज न बाळगता, जसं कारखान्यात मशीनचा बिघाड सांगावा तसं. वाटीचंही सांगितलं. भावाचंही सांगितलं. डॉक्टरांनी पेन उचललं आणि लिहायला लागले. त्या पेनाकडे बघून माझा धीर सुटला. आता हे कागदावर चढणार, मग गोळ्या, मग तुमच्या बाबांना फोन.

मी म्हटलं, "मी पुसलं."

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं.

"रोज सकाळी. मले वाटलं बाहेरची काळी धूळ आहे. वाटीही मीच घासली. तुम्ही काही विसरत नाही."

डॉक्टरांना मराठी येत नव्हती. "आंटी क्या कह रही हैं?"

आजोबा डॉक्टरांकडे वळले. मग म्हणाले, "कह रही हैं, घर की सफ़ाई बहुत अच्छी होती है हमारे यहाँ."

डॉक्टर हसले. आम्ही दोघं हसलो नाही.

बाहेर ऑटोसाठी उभं असताना त्यांनी विचारलं, "तुले कधी कळलं?"

"त्या दुपारी. तुम्ही धूर लावताना पाहिलं तेव्हा."

ऑटो आली, आम्ही बसलो. अर्ध्या रस्त्यात ते म्हणाले, "पुसलं त्याचं काही नाही. ती तुझी सवय आहे." गल्ली जवळ आली तेव्हा पुढे म्हणाले, "पण त्याच्यानंतर तू बदाम भिजवत होती."

ऑटोवाल्याला गल्ली दाखवायचं निमित्त करून मी बाहेर बघत राहिले.

ते रागावून बोलले असते तर मी भांडले असते. भांडणात मी हरत नाही. ते रागावले नाहीत. जेवले, बातम्या पाहिल्या. रात्री मी सवयीनं बदामांचा डबा काढला आणि तसाच परत ठेवला. स्कूटरची चावी मी सकाळी त्यांच्या चष्म्याजवळ ठेवली. त्यांनी ती उचलून खिशात टाकली. पण त्या दिवशी ते पायीच गेले.

काही दिवसांनी त्यांनी मला मागच्या खोलीत बोलावलं. विमानावर वॉर्निशचा शेवटचा थर देऊन वाळवलेला होता. डाव्या पंखावर धूर, उजव्यावर थोडा जास्त, पोटाखाली मुरूम. पहिल्यांदाच मी ते नीट पाहिलं. लांबून काम करून आल्यासारखंच दिसत होतं.

"फडकं आण."

"कशाले?"

"आण तर."

मी आणलं. म्हणाले, "पूस."

मी नाही म्हटलं. त्यांनी माझा हात धरून फडक्यासकट पंखावर ठेवला आणि ओढला. फडकं कोरं निघालं. "आता नाही निघत," ते म्हणाले. "आता रोज पुसलं तरी चालते." त्यात टोमणा होता की समजूत, ते मी ठरवू शकले नाही. विचारलंही नाही.

तर तुमच्या आजोबांना काहीही झालेलं नाही. पुढचा फोन कराल तेव्हा "आजोबा, बरं वाटतं ना?" असं ते हळू आवाजातलं विचारू नका; हिवाळ्यापासून तुम्ही दोघं तसंच बोलता आणि त्यांना ते कळतं. पूर्वीसारखे भांडा. विमान कोणतं हवं ते त्यांनाच विचारा. येण्याचं मी परवा काढलं तर म्हणाले, "बघू." त्यांच्या बघूमध्ये पूर्वी होकार असायचा. आता मला खात्री नाही. हे सगळं मी तुम्हाला लिहिलं आहे, हे मी त्यांना सांगणार आहे. तुमच्याशी बोलताना त्यांना पुन्हा डोळ्यांचं आणि गुडघ्यांचं नाटक करावं लागू नये.

स्टेशनं मात्र अजून चालू आहेत. आज सकाळी चहा घेऊन गेले तर आरशासमोर डोंगरगडच्या पुढे गोंदिया आलंच नाही. पनियाजोब, बोरतलाव, दरेकसा, सालेकसा. मग थांबले. साबण गालावर वाळत होता. पुढचं स्टेशन मला माहीत होतं. माझी मावशी तिथे दिलेली. तोंडावर आलेला शब्द मी गिळला आणि कप हातात धरून दाराबाहेर उभी राहिले.

"आमगाव," ते म्हणाले, आणि आरशातून त्यांना मी दिसले. "एक्स्प्रेसची पाठ झाली होती. आता पॅसेंजर धरली."

"चहा निवते," मी म्हटलं.

"निवू दे. गोंदिया येऊ दे आधी."